बेल्ट नवा टाकला तरी गाणं रेंगाळतंय? आधी शंभर फेऱ्या मोजा

ओळखीपाळखीतून माझ्याकडे जेवढी बेल्टवाली टर्नटेबलं, म्हणजे मोटर रबरी बेल्टने थाळी फिरवते ती रेकॉर्ड वाजवायची मशीनं, येतात त्यातली बरीचशी एकच रडगाणं घेऊन येतात. गाणं रेंगाळतं. आणि माणूस दारातच सांगतो, बेल्ट गेलाय वाटतं, नवा मागवलाय, तेवढा टाकून द्या. मग मी टाकतो, गाणं तसंच रेंगाळतं, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो. मी काही धंदेवाईक रिपेअरवाला नाही, नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि रविवारी हे उद्योग. पण हीच खोड इतक्यांदा काढलीये की काय आधी बघायचं आणि काय नंतर हे आता पाठ झालंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो, फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला.

लक्षणं अशी

स्विच मारल्यावर थाळी आळसावल्यासारखी उठते, स्पीड घ्यायला खूप वेळ लावते, कधी बोटाने ढकलावी लागते. गाण्याची पट्टी उतरलेली वाटते, म्हणजे बाईचा आवाज जड येतो, तबला ओल्या पोत्यावर वाजवल्यासारखा. लांब सूर हेलकावे खातो, हे सगळ्यात आधी तानपुऱ्यात नाहीतर सनईत कळतं, ढोल-ताशात चार दिवस पत्ता लागत नाही. एखाद्याची पहिली बाजू बरी वाजते आणि दुसरी बसते, एखाद्याचं उलटं, सकाळी रडतं आणि अर्ध्या तासाने सुधारतं. आणि काहींचं सुई टेकेपर्यंत सगळं झकास असतं, सुई टेकली की ढेपाळतं.

यातलं तुमचं नेमकं कुठलं हे कागदावर लिहा, खरंच लिहा, कारण पुढे उपयोग होतो. घूं आवाज येणं, एकाच बाजूने ऐकू येणं, सुई उडणं या वेगळ्या भानगडी आहेत, त्या इथे नाहीत.

अजून एक, मशीन बेल्टचंच आहे ना ते बघा. मॅट उचला, थाळीला भोकं असतील तर त्यातून डोकावा. जुन्या मशीनमध्ये मोटर आणि थाळीच्या मध्ये एक रबरी चाक असतं, त्यात बेल्ट नसतोच. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून एकाने असं मशीन आणलं आणि त्याच्यासाठी ऑनलाइन बेल्ट मागवून बसला होता. तो बेल्ट अजून माझ्या डब्यात आहे.

फुकटातलं आधी

स्पीडचं बटण रेकॉर्डवर लिहिलेल्या स्पीडलाच आहे का बघा, ३३ म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्या, आणि ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली की ती रेंगाळणारच. हसू नका, घरात पोरं असली की हे होतंच. मग रेकॉर्ड बदला. एकच रेकॉर्ड हेलकावत असेल आणि दुसरी नीट वाजत असेल तर मशीन निर्दोष आहे, त्या रेकॉर्डचं मधलं भोक छापतानाच थोडं सरकलेलं असणार. ओळखायचं कसं, तर सुई चालू असताना टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, तोंड समोरून बघायचं. ते प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलंय, वर-खाली नाचत असेल तर रेकॉर्ड वाकलीये. दोन्हीला बेल्टचा इलाज नाही. हा हेलकावा घड्याळासारखा असतो, ३३ च्या रेकॉर्डला बरोबर १.८ सेकंदांनी एकदा, कारण एक फेरी तेवढ्याचीच असते. मनातल्या मनात ठेका धरलात की कळतं. वाकलेली रेकॉर्ड उन्हात ठेवून सरळ करायला जाऊ नका, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ती पापडासारखी होते. दोन जड पुस्तकांमध्ये महिनाभर दाबून ठेवा, झाली तर झाली.

आता मोजा. हीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे आणि हिला एक पैसा लागत नाही.

थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा एक तुकडा चिकटवा. फोनवर स्टॉपवॉच लावा. ३३ चा खरा आकडा तेहतीस आणि एक तृतीयांश आहे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या. खूण समोरून जाताना शून्य म्हणा, एक म्हणू नका, नाहीतर सगळा हिशोब एका फेरीने चुकतो, आणि मोजत बसा शंभरपर्यंत. १८० सेकंद आले की स्पीड पक्का. १७८ ते १८२ च्या मध्ये असेल तर मी हात लावत नाही, तो एक टक्क्याच्या आसपासचा फरक आहे आणि बहुतेकांच्या कानाला तो कळत नाही. फोन थाळीवर ठेवून स्पीड सांगणारी ॲप असतात, तीही चालतील, पण फोनचं वजन पडतं आणि तो बरोबर मधोमध ठेवावा लागतो, मला तरी कागदाचा तुकडाच बरा वाटतो.

असं दोनदा मोजायचं. एकदा सुई वर ठेवून आणि एकदा रेकॉर्ड लावून सुई टेकवून. इथेच निम्मा निकाल लागतो.

सुई वर असताना १८० आणि टेकवल्यावर १८६-१९०, तर मोटर बरोबर आहे पण जोर थाळीपर्यंत पोचत नाही, म्हणजे बेल्ट घसरतोय नाहीतर थाळीचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग अडतंय, आणि सुईचं वजन जास्त असेल तर ते त्यात भर घालतंय. दोन्ही वेळेला सारखंच हळू, उदाहरणार्थ १९० आणि १९०, तर घसरण्याचा प्रश्न कमी, मोटरच हळू फिरतीये किंवा पुलीचं, म्हणजे मोटरवरच्या छोट्या चाकाचं, माप चुकलंय, मग नवा बेल्ट टाकून काही होणार नाही. आणि दर वेळेला वेगळाच आकडा, १८३, १९१, १८५, तर बेअरिंग किंवा मोटर आजारी.

चौथा एक प्रकार आहे, त्यावर मी एक अख्खा रविवार घालवलाय. त्याचं पुढे सांगतो.

स्पीड बघायची रेघारेघांची छापील चकती, स्ट्रोब म्हणतात ती, वापरत असाल तर एक काळजी घ्या. स्पीड बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि ३३ साठी १८० रेघांची चकती लागते. नेटवरून उतरवलेली बरीच चित्रं अमेरिकेची असतात, ६० हर्ट्झची, त्यात २१६ रेघा. ती लावून एक जण बरोबर चालणारं मशीन बिघडवून बसला. शिवाय चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा थांबतच नाहीत कारण तो लुकलुकत नाही. जुन्या चोकची ट्यूब असेल तर तिच्याखाली बघा.

जागा, स्क्रू आणि घासणं

मशीन सपाट आहे का ते लेव्हलने बघा, लेव्हल नसेल तर फोनमधली चालेल. थाळी तिरकी असली की स्पिंडल, म्हणजे थाळीचा मधला दांडा, एका बाजूने घासतो आणि चपटा बेल्ट पुलीवर वर-खाली सरकतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात माडीला लाकडी तक्तपोशी असते, तिथे माणूस चालला की मशीन हलतं आणि काही लोक त्यालाच स्पीडचा दोष समजतात. भिंतीला ब्रॅकेट मारून फळी ठोका, बघा फरक.

नवं मशीन असेल तर प्रवासात मोटर हलू नये म्हणून लावलेले स्क्रू किंवा फोमचे तुकडे काढलेत का ते बघा. ते राहिले की मोटर जिथे लोंबकळायला हवी तिथे आवळून बसते. मॅट थाळीपेक्षा मोठी असून बाजूला घासत नाही ना, थाळीखाली धुळीचा गोळा नाही ना, तेही याच वेळी.

सुईच्या टोकाला धुळीची दाढी आली असेल तर मऊ ब्रशने मागून पुढे काढा, बोटाने नाही. सुईचं वजन कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसते त्या डबीच्या, कागदावर लिहिलेलं असतं, नेहमीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, सराफ बाजारात नाही मिळाला तर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एकाने सुई उडते म्हणून टोनआर्मच्या टोकावर एक रुपयाचं नाणं चिकटवलं होतं, मग थाळी रेंगाळणारच, वर रेकॉर्डपण खरवडल्या.

पुसणं, शंभर रुपयांच्या आतलं काम

थाळी काढा, बेल्ट काढा आणि पुलीकडे नीट बघा. टॉर्च धरा. बेल्ट जिथे बसतो तिथे एक काळपट चकचकीत पट्टा दिसेल, नखाने ओढला तर काजळासारखं येतं. ते रबर आणि तेलाचं किटण. पितळी पुली असून काळी दिसते म्हणजे काय ते समजा. या पट्ट्यावर नवाकोरा बेल्टसुद्धा घसरतो. लोक बेल्ट बदलतात, पुली पुसत नाहीत, आणि म्हणूनच नव्या बेल्टचं कौतुक दोन आठवडे टिकतं.

मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल एमजी रोडला कुठेही मिळतं. कानात घालायच्या काडीला लावून पुली पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत, पाच-सहा काड्या जातात. थाळीच्या किंवा आतल्या छोट्या थाळीच्या ज्या कडेवरून बेल्ट जातो ती कडही. पण थाळी ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची असेल तर तिला अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात, तिला ओलं फडकं पुरे. आणि हेच अल्कोहोल चुकूनही ७८ च्या जुन्या रेकॉर्डवर जाऊ देऊ नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आजोबांची नाट्यपदं एका पुसण्यात साफ होतील.

बेल्ट मात्र कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, एवढ्यावरच धुवायचा, सावलीत वाळवायचा. वाळल्यावर बोटात धरून किंचित ताणा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागला, किंवा चपटा बेल्ट टेबलावर ठेवल्यावर सरळ न पडता एका जागी वाकडा राहिला तर गेला. महिनोन्महिने मशीन बंद ठेवलं की बेल्ट पुलीपाशी वाकून बसतो, मग दर फेरीला तेवढी गाठ पुलीवरून जाताना एक गचका. म्हणून गावाला जाताना बेल्ट काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. परत बसवताना पीळ पडू देऊ नका आणि बोटं धुवून हात लावा, चिवड्याचा हात तर मुळीच नको. चपट्या बेल्टची पुली मधे किंचित फुगीर असते, ती कारागिराची चूक नाही, बेल्ट आपोआप फुगीर भागाकडे चढतो आणि मधोमध राहतो, तेव्हा कोणी ती घासून सपाट करून देतो म्हणाला तर मशीन उचला आणि घरी या.

एवढं झालं की परत मोजा. निम्मी मशीनं इथेच बरी होतात, खर्च अल्कोहोलच्या बाटलीचा.

वीज, आणि आत्याचं मशीन

माझी आत्या जुन्या नाशकात तिवंध्याजवळ राहते. आतेभावाने न्यू जर्सीहून येताना तिच्यासाठी त्याचं जुनं टर्नटेबल आणलं, बरोबर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इथे घेतला, आणि आत्या खूश. तिच्याकडे गायक द. वि. पलुस्करांची एलपी, म्हणजे ३३ ची मोठी रेकॉर्ड, आहे, पलुस्करबुवा नाशिकचे, १९२१ ला इथेच जन्मले, त्यामुळे ती लावणं म्हणजे घरचंच कार्य. तीन वर्षांनी आतेभावाने फोन केला की मशीन हळू वाटतंय, दोन बेल्ट बदलले, काही फरक नाही.

मीही तिसरा बेल्ट टाकला. तेव्हा मलाही मोजायची अक्कल नव्हती. पुली पुसली, बेअरिंगला तेल दिलं, दुपार गेली, चहा झाला, परत चहा झाला. मग आतेभावाची मुलगी हार्मोनियम घेऊन बसली होती ती म्हणाली, काका हे काळी चारमधलं गाणं इथे पांढरी चारला लागतंय. तीन पट्ट्या खाली. घसरणारा बेल्ट इतका नेमका घसरत नाही. मग घड्याळ काढलं, शंभर फेऱ्यांना ३ मिनिटं ३६ सेकंद. परत मोजलं, ३ मिनिटं ३६. सुई टेकवून, तेच.

२१६ भागिले १८०, म्हणजे १.२, आणि ६० भागिले ५० सुद्धा १.२. तेव्हा ट्यूब पेटली. तिच्या मशीनची मोटर सिंक्रोनस आहे, असली मोटर व्होल्टेजवर नाही तर विजेच्या हर्ट्झवर फिरते. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० करतो, ५० चे ६० करत नाही. त्यामुळे ३३ ऐवजी ते पावणेअठ्ठावीसने फिरत होतं, आणि जन्मभर तसंच फिरलं असतं, तीस बेल्ट बदलले तरी. आतेभावाने मधे ४५ वर टाकून बघितलं होतं तर तिथे ते साडेसदतीस होतं, पलुस्करबुवा एक पूर्ण स्वर वर आणि घाईत.

तर हा तो चौथा प्रकार. आकडा एकदम पक्का, दर वेळी तोच, आणि २१६ च्या जवळ, की मशीनमागचं लेबल वाचा. ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर इलाज पुली बदलणं. बऱ्याच कंपन्या ५० हर्ट्झची वेगळी, थोडी मोठी पुली देतात, ती मिळाली तर उत्तम. मागे अडॅप्टर असेल आणि त्यावर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० लिहिलं असेल तर तुम्हाला हा त्रास नाही, आतली मोटर बहुतेक डीसी असते.

पुली मिळाली नाही तर लेथवर करता येते, आणि इथे जरा थांबतो कारण हे माझ्या कामाचं. लोक म्हणतात १० मिमीची पुली आहे ना, १.२ ने गुणा, १२ ची करा. चुकतं. बेल्टला जाडी असते आणि फिरताना हिशोब बेल्टच्या मध्यापासून धरायचा असतो. बेल्ट ०.६ जाड असेल तर १० च्या पुलीचा कामाचा व्यास १०.६, त्याला १.२ ने गुणून १२.७२, त्यातून ०.६ वजा, म्हणजे पुली १२.१२ ची. १२ ची केलीत तर जवळपास एक टक्का हळू राहील. दोन स्पीडच्या दोन पायऱ्या असतात, दोन्हीचा हिशोब वेगळा. आणि मधलं भोक व्यासाशी एकदम समकेंद्री हवं, ०.०२ मिमी सरकलं तरी सूर सेकंदाला चारएक वेळा थरथरतो कारण मोटर तेवढ्या फेऱ्या मारते. सातपूर-अंबडला लेथवाले ढिगाने आहेत, पण त्यांना हे एका सेटिंगमध्ये काढायला सांगा, भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत, नाहीतर दोनदा पैसे जातील.

वीज म्हटलं की अजून एक. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गाणी ऐकता का? साध्या स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते, सिंक्रोनस मोटर तिच्यावर गुरगुरते आणि गरम होते. साइन वेव्ह लिहिलेला असेल तर चालेल. नसेल तर लाइट येईपर्यंत गॅलरीत उभे राहा.

आता बेल्ट

एवढं सगळं करून आकडा अजूनही सुई टेकवल्यावरच पडत असेल तर आता घ्या नवा बेल्ट. मॉडेलच्या नावाने मिळाला तर ठीक, नाहीतर जुना बेल्ट चपटा दुमडून पट्टीवर मोजा, येईल त्याच्या दुप्पट घेर. पण जुना ताणलेला असतो, म्हणून त्यापेक्षा मोटर आणि थाळीभोवती न ताणणारा दोरा गुंडाळून मोजा आणि त्याहून साधारण ५ टक्के लहान बेल्ट घ्या. फार घट्ट घेतला की जास्त चांगलं असं नाही, मोटरच्या दांड्याभोवतीची कडी, बुशिंग म्हणतात ती, झिजते आणि मोटरची घरघर बेल्टवरून थेट सुईत येते.

जाडी तीच घ्या. वर पुलीचा हिशोब सांगितला तोच इथे लागतो, १० मिमी पुलीवर ०.६ च्या जागी १ मिमी जाड बेल्ट टाकलात तर स्पीड साडेतीन टक्क्यांच्या वर वाढतो, अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त. लोक मग म्हणतात नवा बेल्ट टाकल्यापासून गाणं पळतंय.

गोल बेल्टच्या जागी एमआयडीसीतून ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी, आणून घालतात, मीही घातलीये, बेल्ट येईपर्यंत चालते. कडक असते, आवाजात खालून घरघर येते, कायमची ठेवू नका.

बेअरिंग

बेल्ट काढून थाळी हाताने हलकी फिरवा आणि सोडा. चांगलं बेअरिंग असेल तर जड थाळी निवांत फिरत राहते आणि कळत-नकळत थांबते. हलकी प्लास्टिकची लवकर थांबेल, ते चालतं. पण चार-पाच फेऱ्यांत दम टाकला किंवा थांबताना अडखळली तर आत तेल सुकलंय किंवा त्याचा डिंक झालाय. सकाळी रडणारं आणि नंतर सुधारणारं मशीन बहुतेक याचंच, तेल थंडीत घट्ट होतं आणि फिरून फिरून गरम झालं की सैल पडतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हे फोन हमखास येतात, निफाडकडून तर जास्तच.

एका काकांनी बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घातलं होतं. उन्हाळाभर फर्स्ट क्लास. जानेवारीत मशीन माझ्याकडे आलं, स्पिंडल बाहेर काढला तर तो बसतो त्या भोकात पांढरं लोणी. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, डोक्याच्या तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवावी लागते हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी असं करू नये. गंज सोडवायचा स्प्रेपण नको, तो आतलं होतं नव्हतं तेल धुवून नेतो आणि स्वतः उडून जातो.

करायचं असं. थाळी किंवा आतली छोटी थाळी स्पिंडलसकट सरळ वर, हळू ओढा. तेलामुळे आत हवा शिरत नाही आणि ओढ बसते, झटका मारलात तर तळाचा स्टीलचा बॉल चिकटून वर येतो आणि पडतो. माझा एकदा पडला, ज्वारीच्या दाण्याएवढा, तेलात माखलेला काळा, शहाबादी फरशीवर टिक टिक टिक करत गेला आणि शिलाई मशीनच्या पायट्याखाली थांबला. मी नशीबवान, दोन फरशांच्या फटीत गेला असता तर बसलो असतो. तेव्हापासून खाली जुना टॉवेल पसरतो. जुनं तेल काडीला कापड गुंडाळून पुसा, बॉल पुसून उजेडात बघा, त्यावर चपटा डाग पडला असेल तर त्याच मापाचा नवा टाका. मग शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, तीन नको, जास्तीचं वर येऊन बेल्टवर जातं आणि तुम्ही परत पहिल्या पानावर. कंपनीने पुस्तकात वेगळं तेल सांगितलं असेल किंवा उघडू नका म्हटलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

मोटर, आणि इथे हात आखडता घ्या

डीसी मोटरच्या बुडाला बऱ्याचदा दोन बारीक भोकं असतात, आत स्पीडचे छोटे स्क्रू, एक ३३ चा एक ४५ चा. दोन्ही मोजण्यांत सारखाच आणि थोडाच फरक असेल तरच याला हात लावा. आधी स्क्रूची मूळ जागा फोटो काढून ठेवा, प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच फिरवा, परत शंभर मोजा. घसरणारा बेल्ट लपवायला स्क्रू फिरवू नका, पुढे बेल्ट बदलल्यावर सगळं पळायला लागतं आणि मग कोणालाच आठवत नाही की मूळ कुठे होतं.

सिंक्रोनस मोटरच्या शाफ्टला वरून तेलाचा एक थेंब देता येतो, प्लग काढून. त्यापुढे मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

थांबा आणि माणूस बोलवा, कधी, ते सांगतो. धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला तर प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. जळका वास आला, मोटर हाताला चटका देण्याइतकी गरम झाली, मोटर गुरगुरते पण फिरत नाही, आतला कपॅसिटर फुगलेला किंवा गळालेला दिसला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, वायरचं आवरण चुरा होऊन पडतंय, यातलं काहीही असेल तर मशीन उघडं टाकून यूट्यूब बघत बसू नका. सिंक्रोनस मोटरला बऱ्याचदा थेट २३० व्होल्ट जातात. शाफ्ट हाताने हलवल्यावर खडखडत असेल तर बुशिंग गेलं, तेही घरी होत नाही. जुना रेडिओ-टेपवाला मेकॅनिक शोधा, अजून आहेत, आणि त्याला बेल्ट बदलून दे असं न सांगता तुमचे मोजलेले आकडे सांगा, सुई वर किती, टेकवून किती. माझ्या एका मित्राने नुसतं बघा जरा म्हणून मशीन ठेवलं होतं, महिन्याने बेल्ट बदललेलं मशीन परत आलं, तक्रार जशीच्या तशी, पैसे वेगळे.

आत्याची पुली शेवटी आमच्याच लेथवर काढली, पितळेची, जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरला सांगून. तिच्या मशीनला १२.१२ नाही, वेगळं माप होतं, पण हिशोब तोच. बसवली, मोजलं, १८१. रेकॉर्ड लावली, मुलीने हार्मोनियमवर काळी चार दाबून बघितली, बरोबर लागली. आत्या खुर्चीत बसून दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, अरे झालं का रे काम तुझं, आणि हे असे घाईघाईत का गातायत? आधीचं किती निवांत होतं. जुनी पुली मी कागदात गुंडाळून तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीये.